गाडीच्या मानेवरचं मेण

आमच्या घरी दसऱ्याला झेंडू येत नसे. माधवनगरच्या आमच्या गल्लीत त्या दिवशी सायकलीपासून यंत्रमागापर्यंत चाक असलेल्या प्रत्येक वस्तूला हार चढायचा, आणि आमची लाल फटफटी तेवढी भिंतीला टेकून बोडकी उभी असायची. अण्णांचा, म्हणजे माझ्या वडिलांचा, तो नियम होता. यंत्र माणसाने घडवलं, माणूसच ते चालवतो, मग हात यंत्राला का जोडायचे, असं त्यांचं म्हणणं. ते गिरणीत फिटर होते आणि युनियनची पत्रकं लिहायचे. त्यांच्या दोन भाषा होत्या. मन शांत असलं की ते गल्लीतल्यासारखं बोलायचे, आणि वादात हरायला लागले की पत्रकासारखं. लहानपणी मला कळत नसे, पण आईला पक्कं माहीत होतं. अण्णांनी 'प्रस्थापित' किंवा 'षड्यंत्र' असा शब्द काढला की ती शांतपणे कणीक मळायला घ्यायची, कारण वाद संपलेला असायचा.

दसऱ्याच्या ऐवजी आमच्याकडे एक मे असायचा. त्या दिवशी सकाळी अण्णा फलक रंगवून उरलेला लाल ऑइलपेंट घ्यायचे, भिंतीवर घोषणा लिहायचा तो रुंद ब्रश घ्यायचे आणि फटफटीला टाकीपासून मागच्या मडगार्डपर्यंत एक हात मारायचे. आधीचा रंग खरवडणं, गंज काढणं, रंग वाळू देणं यातलं काहीही होत नसे, कारण लगेच मिरवणूक असायची. गाडी ओलीच निघायची. परत येताना अण्णांच्या पँटच्या आतल्या बाजू लाल, गाडी ढकलणाऱ्यांचे हात लाल, आणि एका वर्षी तर बाहेरगावाहून आलेल्या वक्त्याचं पांढरंशुभ्र धोतर लाल. कामगार दिन म्हणजे अंगाला रंग लागण्याचा दिवस, अशीच माझी बरेच दिवस समजूत होती.

घर दोन खोल्यांचं. बाहेरच्या खोलीत पत्रकांचे गठ्ठे, आतल्या खोलीत आई. मी अक्षरं शिकले ती पत्रकांवर, त्यामुळे 'कमळ' वाचता येण्याआधी मला 'बेमुदत' वाचता येत होतं. संध्याकाळी आम्ही तिघं चटईवर बसून पत्रकांना घड्या घालायचो. मध्ये परातीत तिखट चुरमुऱ्यांचा भडंग असायचा. त्यासाठी आई लसूण ठेचून कडक तळायची, त्याचा वास गल्लीच्या तोंडापर्यंत जायचा. पत्रकाला तेल लागू नये म्हणून अण्णांचा नियम होता, उजव्या हाताने खायचं आणि डाव्या हाताने घडी घालायची. तरी कितीतरी पत्रकांवर पिवळी बोटं उमटायचीच. अण्णा एखादं उचलून दिव्याकडे धरायचे आणि म्हणायचे, "असू दे, सांगलीची हळद हाय. वाचणाऱ्याला घरचं वाटंल."

आई शिराळ्याची. नागपंचमीच्या दिवशी जिथं विळीला आणि नांगराला विश्रांती असते, तव्यालाही कुणी हात लावत नाही, अशा घरातून ती आली. अण्णांच्या घरात तिने देव्हारा मागितला नाही. तिच्या उपासांचाही कधी गवगवा झाला नाही. एक गोष्ट मात्र तिने सोडली नाही. टिकल्यांच्या पाकिटावर तिचा विश्वास नव्हता. खिडकीत एक पितळी डबी असायची, तिच्यात मेण. करंगळीने कपाळावर मेणाचा ठिपका, त्यावर कोरडं कुंकू, मग ओल्या फडक्याने कडा पुसून गोल. दिवसभर भाकरीच्या धगीपुढे बसली तरी ते कुंकू हलत नसे. मी कॉलेजात जायला लागल्यावर तिला एकदा या कुंकवावरून बरंच काही सुनावलं होतं. तिने ऐकून घेतलं आणि विचारलं, "झालं? आता जेव."

त्या गाडीची एक खोड होती. हँडलच्या मुळाशी, जिथे गाडीची मान असते, तिथे रंग टिकत नसे. मे महिन्यात लावलेला रंग तिथे दसऱ्यापर्यंत पापुद्र्यासारखा उचलायचा. अण्णांनी याचा अभ्यास केला आणि निष्कर्ष काढला की रंगात भेसळ आहे. रंग यायचा तो सांगलीतल्या मगदूम काकांच्या दुकानातून. हे जैन गृहस्थ इतके शांत की गिऱ्हाईक दुकानात येऊन नुसतं बसून गेलं तरी त्यांना चाले. अण्णांनी त्यांच्यावर पत्रक काढलं. मथळा होता, 'लाल रंगात भेसळ, कामगारांशी दगाबाजी'. ते त्यांनी दुकानासमोर उभं राहून वाटलं आणि त्यानंतर आम्ही रंग मिरजेहून आणू लागलो. मिरजेचा रंगही मानेवर टिकला नाही. तेव्हा अण्णा म्हणाले की भेसळ जिल्हाभर पसरली आहे.

गिरणी बंद पडली, युनियनच्या खोलीला कुलूप लागलं, आणि गाडी घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये गेली. मला साताऱ्याला नोकरी लागली तेव्हा अण्णांनी जाहीर केलं की मुक्ताला, म्हणजे मला, गाडी द्यायची. त्यांच्याकडे द्यायला दुसरं काही नव्हतंही, आणि असतं तरी त्यांनी हेच दिलं असतं. पण गाडीच्या नोंदणीची मुदत संपली होती. ती वाढवून घ्यायची तर आरटीओच्या तपासणीत पास व्हायला हवं, नाहीतर गाडी भंगारात. आम्ही ती ढकलत, थोडी चालवत सांगलीला नेली. तपासणारे साहेब सभ्य होते. त्यांनी मानेवर कागद ठेवून पेन्सिल फिरवली, आणि कागदावर नुसते लाल-काळे डाग उमटले. मानेवर ठोकलेला चासी नंबर दिसत नाही, तो वाचता आल्याशिवाय सही करता येणार नाही, गंज काढून परत आणा, असं त्यांनी सांगितलं. बाहेर कुणीतरी अण्णांना बाजूला घेऊन कुजबुजलं की नंबर नव्याने ठोकून देणारा माणूस ओळखीचा आहे. अण्णा त्याच्याशी पत्रकाच्या भाषेत बोलले. मी अभिमानाने ऐकत उभी होते. आज वाटतं, त्या वेळी अण्णा घाबरले होते. तो नंबर गंजाने खाल्ला असेल, तर प्रामाणिक माणसाला गाडी भंगारात घालण्यावाचून दुसरा रस्ताच नव्हता.

मिरजेच्या इक्बालभाईंना आम्ही बोलावलं. त्यांच्या घरात सगळे तंबोरे आणि सतारी बनवणारे, हे एकटे मोटरसायकली रंगवायचे. भाऊ भोपळ्याला पॉलिश करतात, मी टाकीला करतो, फरक एवढाच की भोपळा पेट्रोल पीत नाही, असं ते स्वतःच सांगायचे. त्यांनी गाडीभोवती एक फेरी मारली, मडगार्डवर अंगठा दाबला, तो आरपार गेला. "अण्णा, ही गाडी नुसती रंगावर उभी हाय," ते म्हणाले. "लोखंड कवाच निघून गेलंय." तरी त्यांनी काम घेतलं. अट एक, की खरवडण्याचं काम आम्ही घरी करायचं, खड्ड्यांत लांबी, म्हणजे पुट्टी, भरणं आणि फवाऱ्याने रंग मारणं ते मिरजेला करतील. दुसरी अट मानेची. बाकी गाडीवर काय वाटेल ते करा, पण मानेवर मशीन लावायचं नाही. नंबर उथळ असतो, मशीनने गंजाबरोबर तोही जाईल. मी शेजाऱ्यांकडून ग्राइंडर आणून ठेवला होता. मला सगळं एका दुपारी संपवायचं होतं. त्या वयात मला सगळंच एका दुपारी संपवायचं असे.

मग मागच्या अंगणात आमचं काम सुरू झालं. टाकीच्या आतला गंज काढायला आम्ही तिच्यात बारीक खडी आणि डिझेल घातलं, तोंड चिंधीने बांधलं, आणि अण्णा एका बाजूने, मी दुसऱ्या बाजूने धरून ती हलवायला लागलो. खळळ खळळ असा आवाज गल्लीभर जायचा. शेजारच्या काकू भिंतीवरून डोकावून विचारायच्या, काय चाळताय? आई सांगायची, संप चाळत्यात. डिझेल लालभडक होऊन बाहेर पडायचं, आम्ही पुन्हा घालायचो. सायलेन्सर आणि हँडलचे चकचकीत भाग आईने चिंचेचा कोळ लावून घासले, जसं ती तांब्या घासायची तसं. बाकी रंग काढताना गंमत होती. इतक्या वर्षांचे थर एकमेकांवर बसून त्याचं जाड साल झालं होतं. पत्र्याची पट्टी लावून उचललं की तळहाताएवढे तुकडे निघायचे, आणि कडेला पाहिलं तर लाल, गडद लाल, विटकरी, पुन्हा लाल अशा रेघा. अण्णा एकेक तुकडा उजेडात धरून ओळखायचे. हा विटकरी म्हणजे संपाच्या वर्षाचा, तेव्हा रंग पुरला नव्हता म्हणून गेरू मिसळला होता. हा गडद म्हणजे मिरवणुकीत पाऊस आला होता तो. प्रत्येक तुकड्याखाली गंज होता. न खरवडता मारलेल्या रंगाने लोखंड जपलं नव्हतं, गंज झाकला होता, आणि गंज आत निवांत वाढत राहिला होता. अण्णांना हे दिसत होतं. मडगार्डची कड हातात चुरा होऊन आली तेव्हा त्यांनी ती अंगणाच्या कडेला, तुळस नसलेल्या कुंडीत टाकली.

मान आम्ही शेवटी ठेवली होती. त्या दिवशी इक्बालभाई मुद्दाम आले होते, रॉकेलचा बोळा आणि दात घासायचा जुना ब्रश घेऊन. आई उंबऱ्यावर मेथी निवडत बसली होती. अण्णांनी चष्मा पुसला. मी पत्र्याचं टोक रंगाखाली घातलं, जोर लावायच्या तयारीत, आणि सगळा रंग एका तुकड्यात अलगद सुटून माझ्या हातात आला. खाली गंज नव्हता. खाली पिवळट, लालसर, मऊ असं काहीतरी होतं. अण्णांनी त्यावर नख फिरवलं, नाकाशी नेलं. इक्बालभाईंनीही वास घेतला. मग आम्ही तिघांनी उंबऱ्याकडे पाहिलं.

"मेण हाय," आई मेथीवरची नजर न काढता म्हणाली. "लोखंडावर नुसतं कुंकू ठरत न्हाई."

मग अण्णा उभे राहिले आणि त्यांनी पत्रकाची भाषा काढली. या घरात, एका विवेकवादी कार्यकर्त्याच्या घरात, त्याच्या पाठीमागे, वर्षानुवर्षं, कामगारांच्या वाहनाला...

"पाठीमागं न्हाई," आई म्हणाली. "दसऱ्याला तुमी गेटवर भाषणाला गेल्यावर."

मला राग आला होता, खरा राग. दसऱ्याच्या यंत्रपूजेवर मी स्वतः पत्रक लिहिलं होतं, आणि ज्या गाडीवरून ते वाटलं तिच्या मानेला कुंकू होतं. मी आईला म्हटलं की तू निदान उघडपणे तरी करायचं होतंस, चोरून कशाला. तिने मेथीचं ताट बाजूला ठेवलं आणि आमच्या दोघांकडे पाहिलं, आम्ही एकच माणूस असल्यासारखं.

"उघड केलं असतं तर तुमी दोगांनी पत्रक काढलं असतं," ती म्हणाली. इक्बालभाई हसायला लागले आणि मग रॉकेलच्या बाटलीचं बूच उगाच घट्ट करू लागले. आई अण्णांकडे वळली. "आवं, संपाच्या दिसांत तुमी सकाळी ह्या गाडीवर जायचा. पोलीस काय करतील, मालकाची माणसं काय करतील, कुणाला म्हाईत? तुमी म्हणला घरात देव नको. म्या न्हाई आणला. देवाला एक शबुद मागितला न्हाई. ह्या गाडीलाच सांगत हुते, न्हेलंस तसं आणून सोड. एवढंच. आणि सांगायचं तर रिकाम्या हातानं कसं सांगू?"

अण्णा खाली बसले. त्यांनी त्या रंगाच्या तुकड्याची मागची बाजू पाहिली, तिथे कुंकवाचा ठसा उमटला होता. इक्बालभाईंनी बोळा भिजवून हळूच मान पुसली. मेण विरघळलं, आणि खाली मूळचा रंग, त्यात कालच ठोकल्यासारखा नंबर, एकेक आकडा स्वच्छ. बाहेर रंगाचे थर चढत आणि सुटत राहिले होते, आणि दर दसऱ्याला त्याच जागी पुन्हा मेण बसत गेलं होतं. "अण्णा, वाचा," इक्बालभाई म्हणाले. अण्णांनी वाचून दाखवला. पहिल्या आकड्यापासून शेवटच्यापर्यंत.

दोन दिवस ते आईशी कमी बोलले. मडगार्ड घासताना मध्येच थांबून, कुणी विचारलं नसताना, म्हणाले की मेणामुळे पाणी लोखंडाला लागलं नाही, म्हणून गंज धरला नाही, हे शुद्ध रसायनशास्त्र आहे, यात कुंकवाचा काही संबंध नाही. आई आतून म्हणाली, "मी कवा म्हणले संबंध हाय?" मग अण्णा हसले, आणि आतून तीही हसली, आणि त्या दुपारी पुन्हा भडंग झाला.

एक काम उरलं होतं. अण्णा मला घेऊन सांगलीला मगदूम काकांच्या दुकानात गेले. इतक्या वर्षांनी ते त्या पायरीवर चढत होते. मगदूम काकांनी मान वर करून पाहिलं. "या अण्णा. रंग न्यायला आलाय का पत्रक वाटायला?" अण्णांनी सरळ सांगितलं की रंग न्यायला, आणि ते पत्रक चुकीचं होतं, मी ते मागे घेतो. मगदूम काका म्हणाले, नुसतं तोंडी मागे घेतलेलं कुणाला कळणार नाही, पहिलं तर छापलं होतं. अण्णांना हे पटलं. त्यांनी तिथेच काऊंटरवर, रंगाच्या डब्यांच्या मध्ये, त्यांच्या आयुष्यातलं सगळ्यात छोटं पत्रक लिहिलं. 'या दुकानातला रंग चांगला आहे. दोष आमच्या घरात होता.' घरी आल्यावर आईने ते वाचलं आणि विचारलं, दोष कसला? छापायला देण्याआधी 'दोष' खोडून 'कारण' करावं लागलं. ते पत्रक मगदूम काकांनी चिकटवून ठेवलं, आणि नंतर पुष्कळ दिवस गिऱ्हाइकं त्यांना विचारायची की हे कसलं कारण आणि कुणाच्या घरात.

रंग द्यायच्या दिवशी आम्ही तिघंही मिरजेला गेलो. आईला बघायचं होतं. इक्बालभाईंच्या शेडला लागून त्यांच्या भावांचं दुकान. तिथे कुणीतरी तंबोरा जुळवत होतं, एकच तार पुन्हा पुन्हा, जरा वर, जरा खाली. गाडीवर आधी विटकरी प्रायमर बसला, तो वाळल्यावर पॉलिश पेपरने पाणी टाकून घासला, आणि मग लाल. फवाऱ्यातून रंग धुक्यासारखा यायचा आणि टाकीवर बसताच ओला चकाकायचा. अण्णा तोंडाला रुमाल बांधून उभे होते. गाडीच्या एवढ्या आयुष्यात पहिल्यांदाच रंग लागत होता आणि कुणाला कुठे जायची घाई नव्हती. इक्बालभाईंनी मानेकडे फवारा वळवला तेव्हा अण्णांनी हात वर केला.

"तेवढं ठेवा," ते म्हणाले. "तिथं मेण लागतं."

मी त्यांच्याकडे पाहिलं. मी काहीतरी विचारलं असावं, तत्त्वाचं काहीतरी, कारण त्यांनी रुमाल खाली करून मला उत्तर दिलं, आणि ते गल्लीतल्या भाषेत दिलं. "पूजा न्हाई गं ती. देखभाल हाय." आई तंबोऱ्याच्या आवाजाकडे कान लावून दुसरीकडे बघत होती. तिने पदर तोंडाला लावला होता, रंगाच्या वासामुळे असेल.

गाडी पास झाली. त्याच साहेबांनी कागद ठेवून पेन्सिल फिरवली, आणि आकडे एकामागून एक वर आले. कागदाला थोडा लालसरपणा लागला होता. त्यांनी तो बोटाने पुसून पाहिला, काही विचारलं नाही आणि सही केली.

ती आज माझ्याकडे साताऱ्यात आहे. अण्णा आता इतक्या लांब येत नाहीत, पण फोनवर आधी गाडीची तब्येत विचारतात आणि मग माझी. मी अजून पत्रकं लिहिते, अजून कुठल्या देवापुढे हात जोडलेले नाहीत, आणि दसऱ्याला माझ्या दारात झेंडू नसतो. त्या दिवशी सकाळी मी एवढंच करते, की गाडीची मान कोरड्या फडक्याने पुसते, आणि मी साताऱ्याला निघताना आईने माझ्या पिशवीत न सांगता टाकलेली ती पितळी डबी उघडून एकेका आकड्यावर अंगठ्याने मेण चोळते. कुंकू मी लावत नाही. पण ते मेण तिच्या कुंकू लागलेल्या करंगळीखालून किती वर्षं गेलेलं आहे. दर वेळी हात धुवायला जाते तेव्हा माझा अंगठा लाल झालेला असतो.